तळ्याकाठची भुयारी गटार योजना: मत देण्याआधी काय तपासाल

तळ्याकाठच्या वस्तीत भुयारी गटाराचा प्रस्ताव आला की पहिल्याच सभेत दोन तट पडतात आणि वाद खर्चावर अडकतो. तळं नेमकं कशाने बिघडतंय, हे मात्र कुणी विचारत नाही. सेप्टिक टाक्यांनी, शेतातून वाहून येणाऱ्या खताने की तळाशी साठलेल्या गाळाने? आधी हे शोधा.

सुरुवात टाक्यांपासून. घरोघरी चार गोष्टी लिहून घ्या: टाकी कधी बांधली, शेवटचा उपसा कधी झाला, शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) काठापासून किती मीटरवर आहे आणि भूजल सर्वांत वर येतं तेव्हा ते किती खोलीवर असतं. वर तरंगणारा थर आणि खालचा गाळ मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापू लागले, तर उपसा लांबला असं समजा. मग घन मैला शोषखड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रं बुजतात. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यात निदान एक-दीड मीटर कोरडी माती हवी. नसेल तर जंतू मरायच्या आत पाण्यात उतरतात.

माती तपासायला शोषखड्ड्याइतका खोल, ३० सेंमी रुंद खड्डा घ्या. रात्रभर पाणी भरून माती भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी २.५ सेंमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. साठच्या वर गेली तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. दोन-तीन मिनिटांतच उतरलं तरी खूश होऊ नका, कारण भरड वाळूत पाणी नीट गाळलं जाण्याआधीच पुढे जातं. संशय असलेल्या घरात संडासातून फ्लुरोसिन रंग सोडून काठावर लक्ष ठेवा. रंग दिसला तर गळतीचा पुरावा मिळाला. दिसला नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही, कारण भूजलाच्या वाटेने यायला त्याला महिने लागू शकतात.

आता तळं. पाणी किती स्वच्छ आहे ते बघायला काळ्या-पांढऱ्या चौकटींची २० सेंमी व्यासाची सेकी तबकडी दोरीने सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवा. गढूळपणा मातीचा नसतानाही ही खोली सतत दोन मीटरच्या आत राहिली, तर पाण्यात पोषकद्रव्यं जास्त आहेत. प्रयोगशाळेत एकूण स्फुरद (फॉस्फरस, शेवाळ वाढवणारं पोषकद्रव्य) तपासून घ्या, आणि नमुना वरचा व तळालगतचा असा दोन्हीकडचा द्या. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाला धरून बसलेला स्फुरद गाळातून सुटतो. तळालगतचा आकडा खूप मोठा आला, तर गटार झाल्यावरही शेवाळ काही वर्षं येत राहील. हे सभेत आधीच सांगा, नाहीतर पुढे योजनेवरचा विश्वास उडतो.

अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराचा दाखला अशा सभांत हमखास निघतो. तिथला सांडपाणी सरोवरापासून वळवण्याचा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदारांनी फेटाळला आणि सुधारून आणल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजूर केला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि पाणी झपाट्याने निवळलं. पण ते सरोवर खोल आहे आणि तिथे स्फुरदाचा मुख्य स्रोत सांडपाणीच होतं. उथळ, शेतांनी वेढलेल्या तळ्याने तेवढी आशा धरू नये.

नळांची पद्धत ठरवताना उतार बघा. साध्या उताराच्या गटारात मैला बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो. २०० मिमी नळाला त्यासाठी साधारण २५० मीटरमागे एक मीटर उतार द्यावा लागतो. काठची घरं सर्वांत खालच्या जागी असतात, त्यामुळे चर खोल जातात, सांध्यांतून भूजल आत शिरतं आणि पंपिंग स्टेशन नेमकं तळ्याशेजारी येतं. तिथे वीज गेली की मैला थेट तळ्यात! म्हणून राखीव पंप, जनरेटर, किती तासांचा साठा आणि रात्री धोक्याची घंटा वाजली तर कोण धावणार, हे लेखी मागा. दुसरी पद्धत दाबाची: घरोघरी मैला बारीक करणारा पंप आणि जमिनीच्या चढउताराप्रमाणे उथळ टाकलेले बारीक नळ. खोदाई वाचते, पण पंप कुणाच्या मालकीचा आणि बिघडला तर दुरुस्ती कुणी करायची, हे आधी ठरवा. छताचं पाणी मात्र कुठल्याच पद्धतीत जोडू देऊ नका.

खर्चाचे चार आकडे वेगवेगळे मागा: कर्जाचा हप्ता, दरवर्षीचा चालवण्याचा खर्च, घरापासून मुख्य नळापर्यंतची जोडणी, आणि जुनी टाकी उपसून, तळ फोडून, वाळूने भरण्याचा खर्च. शेवटचे दोन बऱ्याचदा घरमालकाच्या माथी येतात आणि माहितीपत्रकात दिसतच नाहीत.

विस्ताराचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. माती नकार देत होती म्हणून रिकामे राहिलेले भूखंड गटार आल्यावर बांधकामाला मोकळे होतात. छपरं आणि फरशी वाढली की पावसाबरोबर तळ्यात येणारी घाणही वाढते. जोडण्यांची कमाल संख्या आणि काठापासून बांधकामाचं अंतर मतदानाआधी ठरावात घालून घ्या. आणि बिघाड काठच्या थोड्याच घरांत सापडला, तर तेवढ्यांसाठी सामायिक छोटं शुद्धीकरण आणि बाकीच्यांना सक्तीची टाकी-तपासणी, या पर्यायाचा आराखडाही त्याच सभेत मागा.