न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. करताय? या चुका टाळा

प्रवेशाच्या गडबडीत आपण पदवीचं नाव नीट वाचत नाही. ‘फूड अँड न्यूट्रिशन’, ‘डायटेटिक्स’ आणि ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ म्हणजे एकच, असं धरून चालतो. रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर अभ्यासक्रमात क्लिनिकल पेपर किती आणि इंटर्नशिप कुठे, हे आधी विचारा. नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसताना या इंटर्नशिपचा हिशेब मागतात. आणखी एक, मुंबईचं एसएनडीटी महिलांचं विद्यापीठ आहे, तर परभणीला हा विषय कृषी विद्यापीठात शिकवतात. त्यामुळे दोन्हीकडची प्रवेशाची वाट वेगळी.

खरी दमछाक मात्र प्रबंधाच्या वेळी होते, आणि तीही वाटी-भाकरीपायी. कोण काय खातं याच्या सर्वेक्षणाला मी घरोघरी गेले तेव्हा पहिल्या दहा अर्जांवर नुसतं ‘२ भाकरी’ लिहून आणलं. मॅडमनी विचारलं, “कुणाच्या हातची?” मग कळलं, एका घरी भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, शेजारच्या घरी ९०. म्हणजे एका भाकरीमागे शंभर किलोकॅलरींचा फरक. तेव्हापासून छोटा वजनकाटा आणि मापाच्या वाट्या पिशवीत असायच्या.

“काल काय खाल्लं, मावशी?” याला उत्तर येतं, “काय नाय, भाजी-भाकरी.” चहा, चहातली साखर, त्यासोबतची बिस्किटं यात कधीच नसतात. ती वेगळी विचारावी लागतात. तेल चमच्यात विचारू नका, महिन्याला किती किलो आणता आणि घरात खाणारी माणसं किती, ते विचारा. आदल्या दिवशी एकादशी नव्हती ना, हेही बघा. नाहीतर तुमच्या तक्त्यात सगळं गाव साबुदाण्यावर जगताना दिसेल.

आता आकडेमोड. एका बाईचा रोजचा आहार ८००० आला, तर घाबरू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. ४.१८४ ने भागा, साधारण १९१२ किलोकॅलरी येतील. शंभर ग्रॅम ज्वारीचे १३९८ पाहून माझेही डोळे फिरले होते, भागल्यावर ३३४ निघाले. तरीही आकडा फुगलेलाच वाटला तर भात तपासा. तक्त्यातला तांदूळ कच्चा असतो. शिजलेल्या भाताचं वजन तिथे टाकलंत तर ऊर्जा अडीच-तीनपट होते.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी हातात येण्याआधी एकही अर्ज भरून घेऊ नका. आमच्या वर्गातल्या एकीचे चाळीस अर्ज असेच बाद झाले. संमतीपत्रही मराठीत करा. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन ती संमती होत नाही.

यूजीसी-नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, अर्ज भरताना यादीत ‘न्यूट्रिशन’ शोधत बसू नका. तो विषय गृहविज्ञानात आहे, आणि त्या पेपरात वस्त्रशास्त्र आणि बालविकासही येतात.