क्षारपड आणि कमी पाण्याच्या रानात कोरफड कशी जोपासावी

कोरफडीला पाणी लागतच नाही, या समजुतीने ती पडीक, क्षारपड रानात लावून सोडून दिली जाते. रोप सहसा मरत नाही. पण ज्या गरासाठी ते लावले, तो गरच पानात भरत नाही. कोरफडीची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली राहतात आणि रात्री उघडतात, म्हणून ती अवर्षणात तग धरते. मात्र तिचा गर सुमारे 98 ते 99 टक्के पाणीच असतो, हे विसरू नये.

प्रथम मातीपरीक्षण करून घ्यावे. सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) 8.5 च्या खाली आणि संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रवाची, क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असेल, तर जमीन क्षारयुक्त समजावी. अशा जमिनीत चर काढून निचरा करावा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन खाली घालवावेत. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम 15 टक्क्यांहून अधिक असेल, तर ती चोपण जमीन होय. ओली असताना बुळबुळीत आणि वाळली की दगडासारखी होणाऱ्या या जमिनीत अहवालात सुचवलेल्या मात्रेने जिप्सम मिसळल्याखेरीज नुसते पाणी सोडून उपयोग होत नाही.

लागवडीसाठी सरी-वरंबे पाडावेत, पण पिल्ले (मूळ रोपाच्या बुडाशी फुटणारी छोटी रोपे) वरंब्याच्या माथ्यावर लावू नयेत. सरीतले पाणी वर चढून उडून जाते आणि क्षार नेमके माथ्यावर साचतात. उन्हाळ्यात तिथे दिसणारा पांढरा थर म्हणजे तेच क्षार. पिल्ले वरंब्याच्या बगलेला लावावीत.

पाणी देताना सर्वांत जास्त चुका होतात. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास ते वरच्या थरातच आटते आणि क्षार मुळांशी सोडून जाते. त्याऐवजी माती वाळू द्यावी आणि मग मुळांखालपर्यंत ओल जाईल इतके एकदाच द्यावे. ठिबकावर क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला जमतात आणि वळवाच्या हलक्या पावसाने ते पुन्हा मुळांकडे येतात, म्हणून अशा पावसाच्या वेळी ठिबक सुरूच ठेवावे, ही काळजी मला फार मोलाची वाटते.

पाने रोज पाहावीत. पान पातळ होऊन कडा आत वळल्या, तर पाणी कमी पडले आहे. माती ओली असूनही शेंडे करपू लागले आणि पिल्ले फुटेनाशी झाली, तर क्षारांचा संशय घ्यावा. कारण खारट मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. पालाश (पोटॅश) द्यायचे झाल्यास क्लोराइडऐवजी सल्फेटच्या रूपात द्यावे.

तोडणीच्या आधी पाने पुन्हा भरू द्यावीत. ताण बसलेल्या पानात गर कमी, म्हणून सालीलगतच्या पिवळ्या, कडू, रेचक चिकाचा वाटा मोठा असतो. बाहेरची जाड पाने बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून उभी ठेवावीत आणि चीक पूर्ण निथळल्यावरच धुऊन साल काढावी.