अल्फाफोल्डवर हिमोग्लोबिन: मॉडेल कसं काढायचं आणि त्यातलं काय खरं धरायचं

हिमोग्लोबिनची त्रिमितीय रचना काढायला मॅक्स पेरुट्झ यांना वीस वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्या कामाला १९६२ चं नोबेल मिळालं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला (उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना). या दोघांच्या अल्फाफोल्डवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगणाऱ्या प्रोग्रामवर, तीच रचना आता ब्राउझरमध्ये, बसल्या जागी काढता येते. त्यामुळे बायोटेक आणि जीवरसायनाच्या प्रोजेक्टांमध्ये रंगीत मॉडेलं भरपूर दिसतात. त्या मॉडेलचा कोणता भाग भरवशाचा आहे, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं.

सरावासाठी हिमोग्लोबिन सोयीचं आहे. उत्तर आधीच माहीत आहे, चार साखळ्या आहेत, प्रत्येकीत हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त रेणू) आहे आणि एका अमिनो आम्लाच्या बदलाने होणारा सिकलसेल आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी ऐकलेला आहे. (खाली सगळे कोड देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरा.)

आधी तयार मॉडेल पाहा

नवीन जॉब टाकण्याआधी, म्हणजे सर्व्हरला मॉडेल काढायला सांगण्याआधी, अल्फाफोल्डचा डेटाबेस उघडा. डीपमाइंड आणि युरोपातल्या ईएमबीएल-ईबीआय या संस्थेने तो जुलै २०२१ मध्ये सुरू केला आणि वर्षभरात त्यातली मॉडेलं २० कोटींवर गेली. नावाने शोधलंत तर माकडापासून माशापर्यंत सगळ्यांची हिमोग्लोबिनं समोर येतील, म्हणून युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधला क्रमांक द्या: मानवी बीटा साखळीसाठी पी६८८७१, अल्फासाठी पी६९९०५.

मॉडेलचे चार रंग म्हणजे पीएलडीडीटी हा भरवशाचा ० ते १०० मधला आकडा. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा, ५० च्या खाली नारिंगी. हा आकडा प्रत्येक अमिनो आम्लाभोवतीच्या स्थानिक रचनेबद्दल असतो. बीटा साखळी जवळजवळ सगळी गडद निळी दिसेल. तुलनेसाठी लगेच पी०४६३७, म्हणजे पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांचं प्रथिन उघडा. मधला डीएनए पकडणारा भाग निळा, आणि टोकांना नारिंगी दोरे लोंबलेले. ते दोरे ही रचना नाही. तिथे प्रथिनाला बहुधा ठरलेला आकारच नसतो आणि प्रोग्रामने कुठेतरी काढून ठेवायचे म्हणून ते काढलेले असतात. पोस्टरवर अशा दोऱ्याला ‘लवचीक बाहू’ म्हणून बाण दाखवलेला दिसला की प्रोजेक्ट करणाऱ्याने रंगांची सूची वाचलेली नाही, असं समजा.

खालचा हिरवा चौकोन म्हणजे पीएई. एका अमिनो आम्लावर मॉडेल जुळवून ठेवलं तर दुसऱ्याच्या जागेत किती अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) चूक अपेक्षित आहे, ते तो सांगतो. गडद हिरवं म्हणजे चूक कमी. दोन डोमेनं (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) दोन्ही गडद निळी, पण पीएईमध्ये त्यांच्यातला चौकोन फिका, असं असेल तर प्रत्येक डोमेन स्वतंत्रपणे भरवशाचं आहे. त्यांची आपसातली मांडणी नाही. पीएलडीडीटीने हे कळत नाही. माझ्या मते दोघांपैकी एकच बघायला वेळ असेल तर पीएई बघावा, कारण बहुतेक चुकीचे निष्कर्ष डोमेनांच्या मांडणीतूनच निघतात.

आता बीटा साखळीच्या मधोमध पाहा. हीम नाही. डेटाबेसमधली ही मॉडेलं फक्त अमिनो आम्लांची असतात. तरीही ९३ व्या जागेवरचं हिस्टिडिन हीमच्या दिशेने वळून बसलेलं दिसेल, जणू काही लोह तिथे आहेच. प्रोग्राम ज्या रचनांवर शिकला त्यांच्यात हीम होतं, म्हणून पोकळीही त्याच आकाराची आली. मॉडेलमध्ये हीम दिसलं नाही, एवढ्यावरून ‘हीमशिवायच्या प्रथिनाचा आकार’ असा निष्कर्ष काढू नका.

तशीच एक अडचण इन्सुलिनची. पी०१३०८ उघडलंत तर ११० अमिनो आम्लांची अखंड साखळी दिसेल: सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड आणि मधला सी-पेप्टाइड दोन्ही जागच्या जागी. रक्तातलं इन्सुलिन म्हणजे कापून उरलेल्या ए आणि बी साखळ्या. डेटाबेसला कापणं माहीत नसतं, ते आपल्याला माहीत हवं.

चार साखळ्या आणि हीम एकत्र

यासाठी अल्फाफोल्ड ३ लागेल. त्यावरचा शोधनिबंध मे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अल्फाफोल्ड सर्व्हर गुगल खात्याने उघडतो आणि अव्यावसायिक संशोधनासाठी फुकट आहे. रोज ठरावीक संख्येनेच जॉब टाकता येतात, म्हणून इनपुट आधी वहीत तपासून घ्या.

युनिप्रॉटमधून दोन्ही सिक्वेन्स (अमिनो आम्लांचे क्रम) उतरवा आणि दोन्हींच्या सुरुवातीचं एम, म्हणजे मेथिओनिन, काढून टाका. पेशीतही ते काढलं जातंच. अल्फाची १४१ आणि बीटाची १४६ अमिनो आम्लं उरतील आणि क्रमांक पाठ्यपुस्तकांशी आणि प्रयोगातून आलेल्या फायलींशी जुळतील. एम ठेवलंत तर प्रत्येक क्रमांक एकाने पुढे सरकतो: डेटाबेसमधलं ९३ वं हिस्टिडिन तेच पुस्तकातलं ९२ वं.

सर्व्हरवर प्रथिन म्हणून अल्फा टाका, प्रती २. मग बीटा, प्रती २. मग लिगँडच्या (प्रथिनाला धरून बसणाऱ्या छोट्या रेणूंच्या) यादीतून हीम निवडा, प्रती ४. यादीत हीम सी नावाचा वेगळा प्रकारही असतो, तो सायटोक्रोम सी साठी. इथे साधं हीम हवं. सर्व्हर आकार टोकनमध्ये मोजतो. प्रत्येक अमिनो आम्लाला एक टोकन, लिगँडच्या हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला एक. हीममध्ये असे ४३ अणू. म्हणजे प्रथिनाचे ५७४ आणि हीमचे १७२, एकूण ७४६. पडद्यावर वेगळा आकडा दिसला तर एम काढायचं राहिलंय किंवा प्रती चुकल्यात. जॉब खर्च होण्याआधी हे पकडता येतं.

उत्तरात पाच मॉडेलं मिळतात. पाचही एकसारखी आली म्हणून पाच साक्षीदार मिळाले असं होत नाही, कारण ती एकाच सीडमधून (गणना ज्या यादृच्छिक आकड्यापासून सुरू होते त्यातून) निघालेली असतात. सीड बदलून तोच जॉब आणखी दोनदा तरी चालवा. अँटिबॉडी आणि तिचं अँटिजेन यांसारख्या अवघड जोडीला तर याहून बरेच सीड लागतात.

साखळ्या एकमेकींना बरोबर भिडल्या आहेत का, यासाठी आयपीटीएम हा ० ते १ मधला भरवशाचा आकडा बघा. ०.८ च्या वर असेल तर चांगलं, ०.६ च्या खाली असेल तर जोडणी बहुधा फसली आहे, मधलं धूसर. एकूण आकडा चांगला असूनही एखादी जोडी कच्ची असू शकते, म्हणून सारांशाच्या जेसन फाइलमध्ये साखळ्यांच्या प्रत्येक जोडीचा स्वतंत्र आकडा असतो तो वाचा. अणू एकमेकांत घुसले आहेत का, याचीही नोंद तिथेच सापडते. अल्फाफोल्ड ३ आकारहीन भागांतही कधी कधी नीटनेटकं हेलिक्स रचून मोकळी होते. पीएलडीडीटी कमी असेल तर त्या देखणेपणाला भुलू नका.

पडताळणी

कायमेराएक्स हे रचना बघायचं सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी फुकट आहे. त्यात आपलं मॉडेल उघडा आणि शेजारी पीडीबीमधली (प्रयोगातून मिळालेल्या रचनांच्या संग्रहातली) ४एचएचबी, म्हणजे ऑक्सिजनविरहित मानवी हिमोग्लोबिनची प्रयोगातून मिळालेली रचना. हीममधलं लोह आणि बीटा ९२ च्या हिस्टिडिनचा जवळचा नायट्रोजन यांतलं अंतर मोजा. साधारण २ ते २.२ अँगस्ट्रॉम अपेक्षित आहे. ३ च्या पुढे गेलं तर हीम पोकळीत नुसतं ठेवलेलं आहे, बांधलेलं नाही.

कायमेराएक्समधल्या मॅचमेकरने दोन रचना एकमेकींवर बसवताना बहुतेकांचा पाय एकाच जागी घसरतो. मूळ सेटिंगमध्ये ते सगळ्यात चांगली जुळणारी एकच साखळी दुसऱ्या रचनेतल्या एका साखळीवर बसवतं, आणि दिसणारा आरएमएसडी (जुळवलेल्या अणूंमधलं सरासरी अंतर) तेवढ्याच जोडीचा असतो. शिवाय नीट न जुळणारे अणू वगळून एक आकडा आणि सगळे धरून दुसरा, असे दोन येतात. अहवालात छोटाच लिहिण्याचा मोह होतो. हिमोग्लोबिनची खरी गंमत तर चार साखळ्यांच्या मांडणीत आहे. ऑक्सिजन धरताना एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरते, आणि एकेका साखळीच्या आरएमएसडीत ते जवळपास दिसतच नाही. म्हणून मॉडेल ४एचएचबीवर आणि ऑक्सिजन धरलेल्या २डीएन१वर, दोन्हींवर बसवा आणि उरलेल्या तीन साखळ्या कुठे पडतात ते डोळ्यांनी बघा. कोणत्या स्थितीतली रचना हवी, हे सांगायचं बटण सर्व्हरवर नाही. मिळेल ती ओळखायची.

रंगांचाही एक सापळा आहे. मॉडेलच्या फाइलमध्ये पीएलडीडीटी बी-फॅक्टरच्या रकान्यात लिहिलेला असतो. प्रयोगाच्या फाइलमध्ये त्याच रकान्यात खरा बी-फॅक्टर असतो, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त डळमळीत जागा. दोन्हींना एकच रंगपट्टी लावलीत की अर्थ नेमका उलटा होतो.

मुख्य साखळीचे कोन बघायला रामचंद्रन आलेख काढा. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केलेली ही कसोटी आजही पहिली लावली जाते. मोलप्रोबिटी या वेबसाइटवर फाइल टाकली की आलेख आणि अणूंची टक्कर दोन्ही एकदम तपासून मिळतात.

मात्र हे सगळं उत्तम जुळलं, तरी त्यातून अल्फाफोल्ड किती अचूक आहे हे सिद्ध होत नाही. अल्फाफोल्ड ३ सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या पीडीबी रचनांवर शिकलं आहे आणि ४एचएचबी त्याच्या कितीतरी आधीची. खरी परीक्षा घ्यायची असेल तर त्या तारखेनंतर पीडीबीत आलेली, आणि जिच्यासारखं दुसरं काही आधी नव्हतं, अशी रचना निवडा.

सिकलसेलचा बदल

सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी व्हॅलिन येतं. एम काढलेला सिक्वेन्स असा सुरू होतो: व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई. सहाव्या आणि सातव्या जागी लागोपाठ दोन ई आहेत. पहिला बदलून व्ही करा. एम ठेवून सहावं अक्षर मोजलंत तर प्रोलिनच बदलून बसाल, आणि सर्व्हर चकार शब्द काढणार नाही.

जॉब चालवा. मॉडेल मूळच्यासारखंच येईल, आणि ते यायलाच हवं. व्हॅलिनमुळे साखळीची घडी मोडत नाही. ऑक्सिजन सुटल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या दुसऱ्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीतल्या खोबणीत, ८५ व्या फिनाइलअलॅनिन आणि ८८ व्या ल्युसिनपाशी, जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. एका सुट्या चौकडीच्या मॉडेलमध्ये हे कुठून दिसणार? ते पाहायचं तर पीडीबीतली २एचबीएस उघडा, प्रयोगातून आलेली.

‘बदलाने रचनेत ०.३ अँगस्ट्रॉमचा फरक पडला’ असं लिहिण्याआधी मूळ सिक्वेन्सच्या दोन वेगळ्या सीडमधला फरक मोजा. तोही तेवढाच निघाला, तर तुम्ही नुसता गोंगाट मोजला आहे. मुळात एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगण्यासाठी अल्फाफोल्ड बनवलेलंच नाही. प्रथिन अस्थिर करणारे बदलही ते खुशाल मूळच्याच घडीत बसवून देतं. असे बदल तपासण्यासाठी २०२३ मध्ये आलेलं अल्फामिसेन्स वेगळं आहे. ते ० ते १ मधला गुण देतं: ०.३४ च्या खाली बहुधा निरुपद्रवी, ०.५६४ च्या वर बहुधा घातक. कसं घातक, ते त्यात नसतं. आणि कुठल्याही रुग्णाचा रिपोर्ट यावरून वाचू नका. सिकलसेलचं निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिससारख्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच होतं.

अहवालात काय लिहायचं

अल्फाफोल्डची आवृत्ती, जॉबची तारीख, सीडचे क्रमांक, सिक्वेन्सचा युनिप्रॉट क्रमांक, एम काढलं की ठेवलं, लिगँड कोणते आणि किती, पाचांपैकी कोणतं मॉडेल आणि का निवडलं. चित्र छापताना पीएलडीडीटीचे रंग पुसून सुंदर एकरंगी करू नका, आणि शेजारी पीएई द्या. अप्रकाशित किंवा पेटंटसाठी राखलेला सिक्वेन्स सर्व्हरवर टाकण्याआधी गाइडला विचारा आणि वापराच्या अटी वाचा; तिथे मिळालेल्या मॉडेलांवर दुसरं तसंच सॉफ्टवेअर शिकवायलाही मनाई आहे. डाउनलोड केलेल्या झिपमध्ये जॉब रिक्वेस्ट नावाची एक छोटी जेसन फाइल असते, तिच्यात इनपुट आणि सीड दोन्ही असतात. मॉडेल ठेवून ती डिलीट केलीत, तर तोच जॉब पुन्हा चालवून दाखवा म्हटल्यावर पंचाईत होते.