पुरणाचा हात बसवताना

सणाच्या आदल्या रात्री यादी करायला बसलं की ती वाढतच जाते. दोन गोड, दोन भाज्या, भजी, वडे, मसालेभात. दुसऱ्या दिवशी सगळंच जेमतेम होतं आणि करणारीचं किंवा करणाऱ्याचं जेवण तीन वाजता. यावर तोडगा एकच: एक पदार्थ पक्का धरायचा, तो निगुतीनं करायचा आणि बाकीचं पान साधं ठेवायचं. वरणभात, एक सुकी भाजी, तळलेली कुरडई. कुणी काही कमी पडलं म्हणत नाही.

पदार्थ निवडताना चार गोष्टी बघाव्यात. सामान बारा महिने मिळावं, काम दोन दिवसांत विभागता यावं, चौघांचं प्रमाण चाळीस जणांपर्यंत नेता यावं, आणि उरलेलं वाया जाऊ नये. उकडीचे मोदक दुसऱ्या अटीत अडकतात: उकड गरम असतानाच मळून वळावी लागते. अनारसे हाताशी धरणाऱ्याला आमचा नमस्कार, पण तळणीत अनारसा हसला, म्हणजे विरून पसरला, की सगळी तयारी तुपात जाते. पुरणपोळी मात्र चारही अटींत बसते. शिवाय एकदा पुरण जमलं की वर्षाचे अर्धे सण त्यातच निघतात. होळी, पाडवा, पोळा आणि गौरींना पोळी. नागपंचमीला ज्या घरी तवा ठेवत नाहीत तिथे त्याच पुरणाची वाफवलेली दिंडं. तळण चालत असेल तेव्हा कडबू. म्हणून पोळीच्या आधी पुरण शिका.

प्रमाण वजनावर ठेवा, वाटीवर नको. वाट्या बदलतात, गूळ चिरलेला आणि किसलेला वाटीत वेगवेगळा बसतो. साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला की निम्मी चूक मिटते. १२ पोळ्यांसाठी:

चणाडाळ २५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम (कमी गोड हवं तर २०० ग्रॅम), वेलदोड्याची पूड एक छोटा चमचा, पाव जायफळ किसून, चिमूटभर मीठ. पारीसाठी, म्हणजे बाहेरच्या आवरणासाठी, कणीक १७५ ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, पाणी साधारण १७० मिलिलिटर, तेल दोन मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, हवी तर किंचित हळद. लाटायला तांदळाची पिठी.

डाळ धुऊन दोन तास भिजवा. कुकरमध्ये तिप्पट पाणी, पाव चमचा हळद आणि चमचाभर तेल घाला. तेलामुळे फेस शिट्टीत चढत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून १५ ते २० मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. दाणा दोन बोटांत दाबला की पिठासारखा व्हावा, मध्ये कणी लागता कामा नये. इथे घाई करू नका, कारण गूळ पडला की डाळ पुढे मऊ होतच नाही. कणी राहिली असेल तर आत्ताच पुन्हा कुकर लावा. गुळात अर्धा तास ढवळत बसलात तरी ती तशीच राहील आणि लाटताना नेमकी तीच पारी फाडेल.

शिजलेली डाळ चाळणीत उपसा आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. खाली जमलेलं पाणी म्हणजे कट, तो फेकू नका. त्यात दोन चमचे डाळ घोटून, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून लावलं, वरून फोडणी दिली की कटाची आमटी तयार. काही भागांत हिलाच येळवणी म्हणतात. एका डाळीत गोड आणि तिखट दोन्ही निघतं. पान साधं ठेवूनही ताट भरलेलं दिसतं ते यामुळे.

आता पुरणाला चटका. जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि चिरलेला गूळ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. सुरुवातीला गूळ विरघळून सगळं पातळ होतं. हे बघून नवशिके घाबरतात आणि त्यात पीठ भुरभुरतात. तसं करू नका. २० ते २५ मिनिटांत ते आटून येतं. बुडाशी सतत ढवळा, शेवटच्या पाच मिनिटांत तर हात काढूच नका, कारण लागलेल्या गुळाचा कडवटपणा वेलदोड्यानं झाकला जात नाही. कालथा मध्यभागी उभा राहिला की झालं, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण आणखी एक खूण वापरा. चमचाभर पुरण ताटलीत पसरून पाच मिनिटं निवू द्या आणि गोळी करून बघा. तळहाताला चिकटली तर अजून आटवा. वळताना चिरली तर जास्त आटलंय, दोन चमचे कट घालून हलवा. पुरण गार झालं की हटकून घट्ट होतं, तेव्हा गरम असताना ते किंचित सैल दिसायलाच हवं.

गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा; निवलं की दांडा फिरवता फिरवता खांदा दुखतो. यंत्र नसेल आणि मिक्सर वापरणार असाल तर क्रम उलटा करा: डाळ आधी वाटून घ्या आणि मग गूळ घालून शिजवा. गूळ घातलेलं पुरण मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतं. फक्त वाटलेली डाळ शिजताना फार उडते, तेव्हा पातेलं खोल घ्या. वेलदोडा, जायफळ, मीठ सगळ्यात शेवटी.

कणकेबद्दल एकच सूत्र: ती पुरणाइतकीच मऊ हवी. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असेल तर लाटताना पुरण फाटून बाहेर येतं. उलट झालं तर पुरण मध्येच गोळा होऊन बसतं आणि कडा कोरड्या राहतात. कणीक आणि मैदा बारीक चाळणीनं चाळून घ्या, कोंडा राहिला तर तोच पारीला भोकं पाडतो. रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल मळा, मग तेलाचा हात लावत दहा मिनिटं तिंबा आणि दोन तास झाकून ठेवा. ओढली तर तुटण्याआधी लांबली पाहिजे. सगळा मैदा घेतला की लाटणं सोपं जातं, पण गार झालेली पोळी वातड होते. म्हणून वरचं मिश्रण.

पारीला ३५ ग्रॅम कणीक, आत ६० ग्रॅम पुरण. सुरुवातीला ४५ ग्रॅमच भरा आणि दर खेपेला पाच-पाच ग्रॅम वाढवा. उंडा, म्हणजे पुरण भरलेला गोळा, बंद करताना वर जमलेली जादा कणीक चिमटून काढा, नाहीतर मध्यभागी जाड कच्चा ठिपका राहतो. उंडा बोटांनी कडेकडेनं दाबून चपटा करा, म्हणजे पुरण आधीच कडेला पोचतं. मग हलक्या हातानं, मधून बाहेर लाटा. पोळपाटावर सुती कापड ताणून बांधलं की चिकटण्याची भीती जाते. पिठी भुरभुरावी, ओतू नये; जादा पिठी तव्यावर जळते आणि पुढच्या सगळ्या पोळ्यांवर काळे ठिपके येतात. दर दोन पोळ्यांनंतर तवा सुक्या फडक्यानं पुसावाच.

तवा जाड, आच मध्यम. पाण्याचे थेंब टाकल्यावर नाचले पाहिजेत. पहिली बाजू फोड दिसेपर्यंतच, उलटून तूप सोडा, दुसरी बाजू खरपूस होऊ द्या आणि मग पुन्हा पहिली. एवढंच. पाच-सहा वेळा उलटली की पोळी सुकते. मंद आचेवर ठेवली तरी तेच, वरून रंग चांगला आणि चावायला चामडं. फुटून पुरण तव्यावर आलं तर तेवढं लगेच खरवडा.

शिकताना सगळं एकाच दिवशी करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत १०० ग्रॅम डाळीचं फक्त पुरण, तीन वेळा. ते दूध-तुपात कालवून खपतं. नंतर कणीक आणि लाटणं. वहीत प्रत्येक खेपेला डाळ किती मिनिटं शिजवली, गूळ कुठला, पाणी किती, पोळ्या किती फुटल्या एवढंच लिहा. एका खेपेला एकच गोष्ट बदला. आणि तोवर तेलपोळी किंवा खानदेशातले मांडे यांच्या वाटेला जाऊ नका. मांडे हातावर पसरवून उलट्या खापरावर भाजतात. ते निराळंच कसब आहे, तो पुढचा टप्पा नव्हे.

हात बसला की काम विभागा. पुरण आदल्या दिवशी. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात चार दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर सहज राहतं. लाटण्याआधी दोन तास बाहेर काढा आणि एकदा मळून घ्या. पोळ्या झाल्यावर सुती कापडावर एकेक सुटी गार करा, मगच थर लावा. गरम असताना डब्यात रचल्या की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. थंडीत दोन दिवस बाहेर टिकतात, पावसाळ्यात एकच दिवस धरा.

ऑर्डर घ्यायच्या असतील तर आधी आपली मर्यादा मोजा. एका तव्यावर एका पोळीला तीन मिनिटं लागतात, म्हणजे ४० पोळ्यांना नुसते भाजायचे दोन तास. होळीच्या सकाळी याहून जास्त घेऊ नका. दुसरा तवा लावला तर लाटणारा दुसरा हातही लागतो. भाव ठरवताना सामान, गॅस, खोके आणि आपले तास, सगळे धरा. तास बहुतेक जण विसरतात. घरगुती विक्रीलाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. “गुळपोळ्या पण करता का?” असं विचारणारे येतातच. त्यांना सरळ नाही म्हणा. एका हो पाठोपाठ नवी कृती, नवं सामान आणि नव्या चुका घरात येतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात नवी डाळ येते. ती जुन्या डाळीपेक्षा लवकर शिजते, कधी कधी पाच मिनिटांचा फरक पडतो. पोतं बदललं की मोठ्या घाण्याआधी १०० ग्रॅमचं पुरण करून कुकरची वेळ वहीत नव्यानं लिहा.