खळ्यात पडदा लावून 'प्रीडेटर' बघताय? या चुका टाळा

'प्रीडेटर'मधला शिकारी अदृश्य होतो तेव्हा पडद्यावर फक्त एक पुसटशी, थरथरणारी कडा उरते. १९८७ च्या पहिल्या सिनेमातली सगळी भीती त्या कडेवर उभी आहे. खळ्यात पडदा लावला की नेमकी तीच कडा दिसेनाशी होते, आणि खापर फुटतं प्रोजेक्टरच्या किमतीवर. खरा घोळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतो.

लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असेल तर आधी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या पायऱ्या, तपासा. लॅपटॉप ० ते २५५ अशी पूर्ण ('फुल') रेंज पाठवतो आणि प्रोजेक्टर १६ ते २३५ ('लिमिटेड') धरून बसलेला असतो, तेव्हा खालच्या सोळाही पायऱ्या सरसकट काळ्या होतात. रात्रीचं जंगल म्हणजे नुसता डांबराचा डाग. उलट जुळणी झाली तर काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसतो. प्रोजेक्टरच्या मेनूत 'एचडीएमआय रेंज' आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधली रेंज, दोन्हीकडे एकच ठेवा: फुल तर फुल, लिमिटेड तर लिमिटेड. ब्राइटनेस चढवून हरवलेला तपशील परत येत नाही. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंदच बरा, काळोख्या दृश्यात तो मध्येच उजेड वरखाली करतो. स्वस्त प्रोजेक्टरवर एचडीआर (जास्त उजळ पडद्यांसाठी बनवलेली) प्रतही लावू नका. चित्र एकाच वेळी काळपट आणि फिकट दिसतं. साधी एसडीआर प्रत निवडा.

खोक्यावर छापलेले '९००० लुमेन' विसरा. एएनएसआय लुमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते बघा. १०० इंची पडदा साधारण २.२ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो. पूर्ण काळोखात त्याला ४५० ते ५०० एएनएसआय लुमेन पुरतात. हौसेने तोच १५० इंची केलात की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, मग हजार-अकराशे हवेत. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पावणेआठच्या आधी सुरुवात करून उपयोग नाही. पडवीतली ट्यूबही बंद करा.

पडदा म्हणून चिऱ्याची भिंत अजिबात चालत नाही. तांबूस, खडबडीत जांभा उजेड गिळतो आणि उरलेल्याला स्वतःचा रंग देतो. एकपदरी चादरीतून निम्मा उजेड मागे माडाच्या बागेत जातो. चादर दुहेरी करा, किंवा जुन्या फ्लेक्सची पांढरी, शक्यतो न चमकणारी बाजू वापरा. चारी बाजूंना ताण हवा, नुसती वरून टांगू नका: खारे वारे मे महिन्यात संध्याकाळीही जोरात असतात, आणि वाऱ्यात पडद्याचं शीड होतं. पडदा घराच्या आडोशाला घ्या, खालच्या काठीला वाळूच्या पिशव्या बांधा.

खालची कडा जमिनीपासून किमान चार फूट वर हवी. हे 'प्रीडेटर: बॅडलँड्स' या २०२५ च्या भागासाठी फार महत्त्वाचं, कारण त्याचा नायक डेक स्वतःच यौत्जा, म्हणजे त्या शिकाऱ्यांच्या जातीचा, आहे आणि त्याचे कितीतरी संवाद त्यांच्याच भाषेत, सबटायटलसह येतात. पुढच्या खुर्चीतल्या काकांच्या डोक्याआड सबटायटल गेलं की कथाच गेली. सबटायटल दिसतच नसेल तर प्लेअरमध्ये 'फोर्स्ड' ट्रॅक (फक्त परक्या भाषेतल्या संवादांची सबटायटल) चालू आहे का बघा.

मोबाइलवरून स्क्रीन मिररिंग केलं की आवाज येतो, चित्र काळं. ही केबलची चूक नव्हे. ओटीटी ॲप कॉपीसंरक्षणामुळे चित्र अडवतं. स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयमध्ये लावा. वाडीत नेटवर्कचा भरवसा नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त असेल, तर दर्जा आधीच ७२० पी वर ठेवा. दर दोन मिनिटांनी गोल फिरत बसण्यापेक्षा ते बरं.

ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, कारण आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा पोहोचतो. साध्या ऑक्स केबलने हा प्रश्न मिटतो. स्फोट कानठळ्या बसवतात आणि बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार असेल तर ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा, ट्रॅक दोन स्पीकरवर नीट उतरत नाहीये. आउटपुट 'स्टीरिओ' करा.

लाईट जाणार हे धरूनच चला. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद पडला की पंखाही थांबतो, आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडी प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला मागच्या पट्टीवरचे वॅट बघून घ्या. एसीच्या खोलीतून थेट दमट खळ्यात आणलं तर लेन्सवर बाष्प धरतं. ते पुसू नका, अर्धा तास प्रोजेक्टर बाहेर नुसता ठेवा. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात, कारण खाऱ्या हवेत एचडीएमआयची टोकं लवकर गंजतात.

आणि पोरांना काय दाखवायचं? 'बॅडलँड्स'ला अमेरिकेत पीजी-१३ (तेराखालच्या मुलांसाठी पालकांना सावधगिरीची सूचना) मिळालं. त्यात माणूस हे पात्रच नाही, एल फॅनिंगची थिया माणसासारखी दिसणारी कृत्रिम यंत्रमानव आहे; रक्त सांडतं ते हिरवं नाहीतर पांढरं. म्हणून जुने भागही तसेच असतील असं धरून 'प्रीडेटर' किंवा 'एलियन' लावू नका. १९८७ चा आणि १९७९ चा, दोन्ही तिकडे आर प्रमाणपत्राचे, म्हणजे सतराखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय बंदी. नव्या भागासाठी आधीचे सगळे बघायची गरजही नाही. वेलँड-युटानी ही 'एलियन'मधली कंपनी इथे आहे, एवढं ठाऊक असलं की पुरे. २०२२ चा 'प्रे' १७१९ सालात घडतो, त्याचं दिग्दर्शनही 'बॅडलँड्स'च्याच डॅन ट्रॅक्टनबर्गचं. मोठ्यांसाठी दुसऱ्या रात्री तो लावा, पण चांदणं नसेल तेव्हाच.