थेंब घरंगळला म्हणजे ड्रॅग कमी झाला? या चुका टाळा

सुपरहायड्रोफोबिक, म्हणजे पाणी जवळजवळ चिकटूच न देणारा, लेप मारलेल्या पट्टीवरून थेंब टुणकन उडाला, की कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टात लगेच ‘ड्रॅग (वाहत्या पाण्याला होणारा विरोध) कमी होतो’ असं लिहिलं जातं. ही सगळ्यात मोठी चूक. स्पर्शकोन (थेंबाची कडा पृष्ठभागाशी करते तो कोन) १५० अंशांच्या वर गेला, तर हवेतला थेंब कसा वागतो एवढंच कळतं. पाण्याखाली घर्षण कमी करते ती लेपाच्या खाचांत अडकलेली हवा. ती निघून गेली की उरतो नुसता खरखरीत पृष्ठभाग, आणि त्यावर ड्रॅग वाढूही शकतो.

म्हणून आधी हवा आहे का ते पाहा. अळवाचं ताजं पान पाण्यात बुडवून तिरकं बघा, चांदीसारखं चकाकतं. तशीच चकाकी तुमच्या पट्टीवर दिसायला हवी, चाचणीआधी आणि नंतरही.

चकाकी डागाडागांनी जात असेल तर पट्टी पाण्यात किती खोल आहे ते तपासा. मूळ पदार्थाचा स्पर्शकोन टेफ्लॉनसारखा ११० अंश आणि खाच २० मायक्रॉन रुंद असेल, तर नुसत्या पृष्ठताणाच्या जोरावर पाणी साधारण २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच अडतं. खाच निम्मी केली की खोली दुप्पट होते, पण हवेवरून पाण्याचं सरकणंही त्याच प्रमाणात घटतं. ही ओढाताण चुकत नाही. खाचेचं माप ठरवताना आधी पाण्याची खोली ठरवा.

खोली बरोबर असूनही चकाकी हळूहळू विरते? मग पाणी बघा. उकळून गार केलेल्या पाण्यात हवा कमी असते, ते खाचांतली हवा शोषून घेतं. उलट, दाबाखालून आलेल्या नळाच्या पाण्यातून बुडबुडे सुटून पट्टीवर बसतात आणि निकाल उगाच चांगला दिसतो. पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा. साबणाचा अंश तर अजिबात नको: चकाकी शाबूत राहते, पण साबणाचे रेणू वाहत जाऊन खाचेच्या टोकाशी साठतात, पृष्ठताणात फरक पडतो आणि पाणी मागे खेचलं जातं. भांडं भरपूर पाण्याने खळबळून घ्या.

मापाचं भानही ठेवा. स्लिप लेंग्थ (पृष्ठभागावरून पाणी किती सरकतं याचं माप) २० मायक्रॉन धरली, तर १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत, प्रवाह संथ व थरांचा असताना, तेवढ्याच दाबाला जेमतेम १.६ टक्के जास्त पाणी वाहतं, ०.२ मिलिमीटरच्या नळीत ८० टक्के. तुमच्या मापनातली चूकच २ टक्के असेल तर मोठ्या नळीचा नाद सोडा. आणि तुलना नेहमी त्याच पदार्थाच्या, त्याच मापाच्या गुळगुळीत नमुन्याशी करा.