टोनर रिफिल करताय? या चुका टाळा

झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या ऑफिसात अजून एचपी १०२० नाहीतर कॅनन २९०० हे लेझर प्रिंटर सुरूच आहेत, आणि दोन्हीत लोक १२ए टोनर कार्ट्रिजच (छपाईच्या काळ्या पावडरीचा डबा) चालवतात. नवीन कार्ट्रिज साधारण २००० पानं देतं, ते पण पानावर ५ टक्केच मजकूर धरून. मग संपते ती फक्त पावडर, बाकी सांगाडा, रोलर, स्प्रिंगा सगळं धडधाकट. ते प्लास्टिक परत वापरलं जातं हाच रिफिलचा पर्यावरणाला फायदा, पण रिफिल गचाळ झालं आणि एकेक फॉर्म तीनदा काढायला लागला तर तो फायदा रद्दीत गेला म्हणून समजा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वेस्ट न काढणं. कार्ट्रिजला दोन कप्पे असतात, एकात ताजी पावडर, दुसऱ्यात ड्रमवरून, म्हणजे कागदावर पावडर उमटवणाऱ्या गोल नळीवरून, ब्लेडने खरवडलेली जुनी, म्हणजेच वेस्ट. घाईतला माणूस वरून नवी ओततो, बूच लावतो, पैसे घेतो की चालला. वेस्टचा कप्पा तुडुंब झाला की पावडर पानावर सांडायला लागते. काही महाभाग तर ती वेस्टच चाळून परत भरतात, तिच्यात कागदाचा भुसा असतो, त्याने ड्रमची वाट लागते. म्हणून समोर बसून करून घ्या, दोन्ही कप्पे रिकामे करायला लावा.

ड्रम उघडा ठेवू नका, उजेडाने तो खराब होतो. पेपरात गुंडाळा, बोट तर लावूच नका.

आता प्रिंट बघा. उभी बारीक काळी रेघ आली तर ड्रमवर ओरखडा नाहीतर ब्लेड गेलं. एकच डाग दर साडेसात सेंटिमीटरवर येतोय? ड्रमचा एक फेरा तेवढाच असतो, म्हणजे ड्रम बदला, पावडर बदलून काही होणार नाही. पान फिकट असेल तर आधी कार्ट्रिज आडवं धरून हलवून बघा.



पावडर सांडली तर गार पाण्याचं फडकं घ्या, गरम पाण्याने ती चिकटून बसते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, पावडर इतकी बारीक की फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडते.

आणि सांगाडाच मेला तर कचऱ्याच्या डब्यात नको. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजपण धरलंय, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या, वेस्ट पावडर पिशवीत घट्ट गाठ मारून सोबतच.